बालेवाडीतील आमच्या जमिनीचे संयुक्त विकसन : जमीनमालकाच्या बाजूने एक परीक्षण

पुण्याच्या पश्चिमेला बालेवाडीत आमची वडिलोपार्जित जमीन होती. तिच्यावर एका बांधकाम कंपनीने संयुक्त विकसनाच्या, म्हणजे जमीन आमची, बांधकाम त्यांचे आणि तयार घरांत दोघांचा वाटा अशा, कराराने आलिशान सदनिकांचे दोन उंच मनोरे बांधले. दुसऱ्या मनोऱ्याचे भोगवटा प्रमाणपत्र हाती आल्यामुळे या संपूर्ण सेवेविषयी बोलण्याइतका अनुभव आता आमच्याजवळ आहे. उंच इमारतींतील घरांविषयी खरेदीदारांनी लिहिलेली परीक्षणे पुष्कळ मिळतात, परंतु जमीन देणाऱ्या कुटुंबाच्या पदरात नेमके काय पडले, हे फारसे कोणी लिहीत नाही. कंपनीचे नाव मी देत नाही, कारण आमचे काही हिशेब अजून मिटायचे आहेत, आणि पुढे येणाऱ्या बहुतेक गोष्टी एका कंपनीपुरत्या नसून या व्यवसायाच्या पद्धतीशी निगडित आहेत.

माझे मत आधीच नोंदवते. कागदपत्रांची छाननी या कंपनीने उत्तम केली. बांधकामाचा दर्जा चांगला आहे. भागीदार म्हणून तिची वागणूक मात्र अपुरी होती, कारण संयुक्त म्हणवणाऱ्या या व्यवहारात कायद्याची जबाबदारी दोघांवर येते आणि निर्णय जवळजवळ सगळे विकसकाकडे राहतात. हे अंतर करार करताना कागदावर जितके भरून काढता येईल तितकेच मालकाच्या हाती लागते, आणि ते भरून काढण्याची तयारी कंपनीने आपणहून कधीच दाखवली नाही.

जमीन सरळ विकावी की संयुक्त विकसनाला द्यावी, यावर घरात बराच काळ चर्चा चालली. विकून एकरकमी पैसे घेतले असते तर व्यवहार तिथेच संपला असता. परंतु बाणेर-बालेवाडी भागात पूर्वी जमिनी विकलेल्या अनेक कुटुंबांजवळ पुढे ना जमीन उरली ना पैसा, हे आमच्या वडीलधाऱ्यांनी पाहिले होते. दुसरीकडे हडपसरच्या मगरपट्टा सिटीचे उदाहरण सर्वांच्या तोंडी होते. तिथे शंभराहून अधिक शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या वर एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि आपल्याच जमिनीवरच्या नगरीत भागधारक म्हणून राहिली. आमची जमीन त्या मानाने अगदीच लहान, आणि एका कुटुंबाला तसे काही उभे करणे शक्य नव्हते. म्हणून बांधलेल्या क्षेत्रातील वाटा, सुरुवातीला काही रोख रक्कम आणि परत करावयाची अनामत, अशा स्वरूपाचा विकसन करार आम्ही स्वीकारला.

पहिला टप्पा मालकी हक्काच्या तपासणीचा, आणि येथे कंपनीच्या विधी विभागाचे मनापासून कौतुक करावेसे वाटते. त्यांनी सातबारा उतारे, फेरफार, झोन दाखला आणि तीस वर्षांचा शोध अहवाल एवढ्यावर काम थांबवले नाही. जुन्या फेरफारांपैकी एका नोंदीत आजोबांच्या वेळचे कुळाचे नाव कमी झाल्याचा आधार सापडत नव्हता. तो त्यांनी तहसील कार्यालयातून जुनी कागदपत्रे काढून शोधून दिला. मोजणी नव्याने करून घेतली, आणि सातबारावरील क्षेत्र व प्रत्यक्ष हद्द यांतील तफावत शेजारच्या मालकांना बरोबर घेऊन मिटवली. जाहीर नोटिशीवर एक हरकत आली, तिचे उत्तरही व्यवस्थित दिले. हे काम आम्ही स्वतः करायला गेलो असतो तर कितीतरी अधिक वेळ गेला असता.

याच टप्प्यावर पहिला गंभीर मतभेदही झाला, तो आमच्या आत्यांच्या हक्कावरून. हिंदू उत्तराधिकार कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे, हे कंपनीच्या वकिलांना आमच्यापेक्षा चांगले ठाऊक होते. तरीही त्यांची सूचना अशी की दोन्ही आत्यांकडून नाममात्र मोबदल्यावर हक्कसोडपत्र करून घ्यावे, म्हणजे करारावर सह्या कमी आणि पुढची गुंतागुंतही कमी. पुण्याच्या आसपास ही पद्धत इतकी रुळलेली आहे की सूचना करणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. आम्ही ती नाकारली. दोन्ही आत्या करारात मालक म्हणून आल्या, त्यांचा वाटा त्यांच्या नावाने लिहिला गेला, आणि त्यासाठी नोंदणी थोडी लांबली. ज्या व्यवहारात पुढे कोट्यवधींच्या सदनिका वाटल्या जाणार आहेत, त्याच्या उंबरठ्यावर बहिणींना बाहेर ठेवणे अन्यायाचे आहे. शिवाय ते व्यवहारालाही धोक्याचे आहे, कारण मोबदल्याची खरी कल्पना न देता घेतलेली सही पुढे न्यायालयात आव्हानाला कारण ठरू शकते.

त्यानंतर वाट्याची बोलणी सुरू झाली. या टप्प्याकडे मालकांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे, असे मला वाटते. कंपनीचे प्रतिनिधी टक्केवारीवर मोकळेपणाने बोलत होते, परंतु टक्केवारी कशाची, या प्रश्नाला दर बैठकीत वेगळे उत्तर मिळत होते. कार्पेट म्हणजे घराच्या आतल्या वापराच्या क्षेत्राची टक्केवारी, मंजूर चटईक्षेत्राची म्हणजे परवानगी मिळालेल्या एकूण बांधकामाची टक्केवारी आणि विक्रीयोग्य म्हणून दाखवलेल्या फुगवलेल्या क्षेत्राची टक्केवारी, यांत प्रत्यक्ष घरांच्या संख्येत मोठा फरक पडतो. त्यांच्या पहिल्या मसुद्यात तर टक्केवारी नव्हतीच. आमच्या वाट्याला ठरावीक चौरस फूट, असा आकडा घातला होता. तो आकडा तेव्हाच्या नियमांप्रमाणे वाजवी होता, आणि म्हणूनच तो स्वीकारण्याचा मोह घरातल्या काहींना झाला. आमच्या वकिलांनी त्यावर ठाम नकार दिला. मंजूर होणाऱ्या आणि भविष्यात नियम बदलल्यामुळे वाढणाऱ्या सर्व चटईक्षेत्रावर, मग ते मूळ असो, प्रीमियम, म्हणजे जादा बांधकामासाठीचे शुल्क, भरून घेतलेले असो किंवा टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जमिनीवरचा हस्तांतरित होणारा बांधकामाचा हक्क, विकत घेऊन वापरलेले असो, आमचा वाटा त्याच प्रमाणात राहील, हे कलम त्यांनी घालून घेतले.

करार २०२० च्या सुरुवातीला नोंदवला गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये राज्याची एकत्रित विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू झाली. तिने पुण्यासारख्या शहरांत मूळ चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे जमिनीच्या किती पट बांधकाम करता येईल ते प्रमाण, १.१ ठेवून त्यावर रस्त्याच्या रुंदीप्रमाणे प्रीमियम आणि टीडीआर वापरण्याची मुभा दिली, आणि निवासी बांधकामासाठी ६० टक्क्यांपर्यंत पूरक क्षेत्राची तरतूदही केली. आमची जमीन रुंद रस्त्यावर असल्यामुळे जे बांधकाम आधी मध्यम उंचीच्या इमारतींत बसणार होते, ते आता उंच मनोऱ्यांचे झाले. चौरस फुटांचा तो आकडा मान्य केला असता तर या संपूर्ण वाढीतला एकही चौरस फूट आमच्याकडे आला नसता. कंपनीने त्या वेळी पूरक करार करून वाढीव क्षेत्रावर आमचा वाटा कमी करण्याचा प्रस्ताव ठेवला आणि प्रीमियम व टीडीआरचा खर्च वाढल्याचे कारण दिले. खर्च वाढला होता हे खरे आहे, आणि टीडीआरच्या किमतीचा भार विकसक एकट्याने उचलतो ही त्यांची तक्रार मला अगदीच निराधार वाटत नाही. परंतु जानेवारी २०२१ मध्ये राज्य सरकारने बांधकामावरील प्रीमियममध्ये वर्षअखेरपर्यंत ५० टक्के सवलत दिली, आणि त्या सवलतीचा उल्लेख त्यांच्या खर्चाच्या तक्त्यात कोठेही नव्हता. आम्ही तो दाखवून दिल्यावर प्रस्ताव मागे घेण्यात आला. भागीदाराने असा तक्ता दुसऱ्या भागीदारासमोर ठेवू नये, एवढेच मी म्हणेन.

क्षेत्र ठरल्यानंतर कोणती घरे कोणाची, हा प्रश्न येतो, आणि आलिशान मनोऱ्यात तो क्षेत्राइतकाच महत्त्वाचा असतो. प्रत्येक वरच्या मजल्याला दर वाढत जातो; नदीकडे तोंड असलेले घर आणि शेजारच्या इमारतीकडे तोंड असलेले घर यांच्या किमतीत अंतर असते. कंपनीने आमच्यासाठी दुसऱ्या मनोऱ्याचे खालचे मजले सलग सुचवले होते, म्हणजे कुटुंब एकत्र राहील, असे कारण देऊन. आम्ही दोन्ही मनोऱ्यांत खालचे, मधले आणि वरचे मजले सारख्या प्रमाणात मागितले. अखेर वाटपाचा नकाशा रंगवून, दोन्ही बाजूंनी सही करून, करारालाच जोडला गेला. वाहनतळाच्या जागांचे वाटपही त्याच नकाशात करून घ्यायला हवे, हे पुढे जाणवले. त्यावरून ताबा घेताना झालेली ओढाताण टाळता आली असती.

दुसऱ्या मनोऱ्यातील सलग मजल्यांचा तो प्रस्ताव आणखी एका कारणाने घातक होता, आणि ते कारण कंपनीच्या कोणीही आम्हांला सांगितले नाही. ते कराशी संबंधित आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या २००३ च्या चतुर्भुज द्वारकादास कपाडिया खटल्यातील निर्णयानंतर विकसन कराराच्या वर्षीच भांडवली नफ्यावर कर मागितला जात असे, म्हणजे मालकाच्या हाती घर येण्याच्या कितीतरी आधी. १९६१ च्या आयकर कायद्यात २०१७ साली कलम ४५(५अ) घालून ही अडचण दूर करण्यात आली. व्यक्ती किंवा हिंदू अविभक्त कुटुंब मालक असेल आणि करार नोंदणीकृत असेल, तर प्रकल्पाला पूर्णत्वाचा दाखला मिळाल्याच्या वर्षी कर लागतो, आणि त्या दिवशीचे आपल्या वाट्याचे मुद्रांक मूल्य (मुद्रांक शुल्कासाठी सरकार धरते ते मूल्य) अधिक मिळालेली रोख रक्कम हा मोबदला धरला जातो. परंतु कलमाचे शब्द प्रकल्पाच्या संपूर्ण किंवा काही भागाच्या दाखल्याविषयी आहेत. पहिल्या मनोऱ्याला दाखला मिळाला आणि मालकाची सगळी घरे दुसऱ्या मनोऱ्यात असली, तर घर तयार नसताना कराचा प्रश्न उभा राहतो. आमची घरे दोन्हीकडे असल्यामुळे पहिल्या मनोऱ्यातील घर विकून तो भार पेलता आला. दाखला मिळण्याआधीच मालकाने आपला वाटा दुसऱ्याला हस्तांतरित केला तर या कलमाची सवलत जाते आणि हस्तांतराच्या वर्षी कर लागतो. पैशांची निकड असलेल्या नातेवाइकांना हे वेळीच समजावून सांगणे फार गरजेचे आहे. रोख रकमेतून कंपनी १० टक्के कर कापून घेते, तेही आम्हांला पहिला धनादेश आल्यावरच समजले.

आता कुलमुखत्यारपत्राविषयी. कराराबरोबर विकसकाला मुखत्यारपत्र द्यावे लागते, कारण महापालिकेतील अर्ज, नकाशे, अग्निशमन दलाचा ना हरकत दाखला, २०,००० चौरस मीटरच्या वर बांधकाम असल्याने लागणारी पर्यावरण मंजुरी या प्रत्येक ठिकाणी मालकांनी सह्यांसाठी फिरावे, ही अपेक्षा अव्यवहार्य आहे. कंपनीच्या मसुद्यात मात्र या कामांपुढे एका ओळीत प्रकल्पाची जमीन वित्तसंस्थेकडे गहाण ठेवण्याचा अधिकार होता, आणि त्यात आमच्या वाट्याची जमीन वगळलेली नव्हती. बांधकामासाठी कर्ज लागते आणि कर्जासाठी तारण लागते, हे आम्हांला मान्य होते. मान्य नव्हते ते इतकेच की कर्ज त्यांचे आणि तारणात आमची घरे. या एका ओळीवर बोलणी जवळजवळ मोडली होती. शेवटी गहाण फक्त विकसकाच्या वाट्याच्या सदनिकांपुरते आणि त्यांच्या विक्रीतून येणाऱ्या रकमेपुरते राहील, तसेच वित्तसंस्थेच्या मंजुरीपत्राची प्रत आम्हांला मिळेल, असे ठरले. हा भाग कंपनीने नंतर प्रामाणिकपणे पाळला, हे नोंदवणे माझे कर्तव्य आहे.

या आग्रहाला एक ताजे कारण होते. आमचा मसुदा चालू असतानाच, फेब्रुवारी २०२० मध्ये, गोरेगावच्या सिद्धार्थनगर म्हणजे पत्रा चाळ प्रकल्पासंबंधी सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय आला. तेथे म्हाडा, ६७२ रहिवाशांची सोसायटी आणि विकसक यांच्यात २००८ साली संयुक्त विकसनाचा करार झाला होता. २०१७ मध्ये विकसक कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली, २०१८ च्या जानेवारीत म्हाडाने करार रद्द केला आणि जमिनीचा ताबा परत मागितला. न्यायालयाने सांगितले की दिवाळखोरी कायद्यातील स्थगिती चालू असेपर्यंत विकसकाच्या प्रत्यक्ष ताब्यात असलेली जमीन मालकाला परत घेता येणार नाही. मालक म्हणजे राज्याची गृहनिर्माण संस्था असतानाही हे घडले.

आपल्याकडे अनेक मालक एका वाक्यावर विसंबून राहतात : विकसकाला ताबा दिलेला नाही, केवळ बांधकामासाठी प्रवेशाची परवानगी दिली आहे. पत्रा चाळीच्या निर्णयानंतर त्या वाक्याचा आधार पूर्वीइतका राहिलेला नाही, कारण प्रत्यक्ष जागेवर कोण आहे याला तेथे महत्त्व दिले गेले. आमच्या वकिलांनी म्हणून जमीन टप्प्याटप्प्याने देण्याची अट घातली. पहिल्या मनोऱ्याची जागा आधी द्यायची. त्याचा सांगाडा ठरलेल्या मजल्यापर्यंत पोहोचल्याचा आर्किटेक्टचा दाखला मिळाल्यावरच दुसऱ्या मनोऱ्याच्या जागेचे कुंपण उघडायचे. कंपनीला ही अट अजिबात आवडली नाही. दोन्ही पाये एकदम खणले तर खर्च वाचतो, हे त्यांचे म्हणणे अभियांत्रिकीच्या दृष्टीने बरोबरच होते. परंतु संपूर्ण जमीन पहिल्याच दिवशी दिली की मालकाच्या हाती पुढे आग्रह धरायला काहीच उरत नाही, आणि वाचलेला खर्च त्याच्या पदरात पडत नाही. संयुक्त विकसन करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाने ही एक अट सोडू नये, असे मी कळकळीने सांगेन.

महारेराच्या, म्हणजे राज्यातील बांधकाम प्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, बाबतीत कंपनीची सेवा मला सर्वांत निराशाजनक वाटली. रेरा कायदा महाराष्ट्रात मे २०१७ पासून पूर्णपणे अमलात आहे, आणि क्षेत्राचा किंवा महसुलाचा वाटा घेणाऱ्या जमीनमालकाला महारेरा प्रवर्तक, म्हणजे प्रकल्पाला कायद्याने जबाबदार असणारा पक्ष, मानते. प्रकल्पाच्या नोंदणीत आमची नावे त्याच नात्याने आली. याचा अर्थ काय, हे नोंदणीच्या दिवसापर्यंत कोणीही समजावले नाही. सह्या करण्यासाठी कागद आले आणि तेवढ्याच वेळात ते वाचायचे होते. बांधकाम चालू असताना आमच्या वाट्यातील घर विकायचे असेल तर आलेल्या रकमेचा ७० टक्के भाग स्वतंत्र खात्यात ठेवावा लागतो, नोंदणीकृत करारनाम्याशिवाय १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही, आणि ताबा दिल्यानंतर पाच वर्षांपर्यंत संरचनेतील दोष विनामूल्य दुरुस्त करण्याचे दायित्व प्रवर्तकाचे असते. ज्यांनी सिमेंटची एक गोणीही विकत घेतलेली नाही, अशा माझ्या वयोवृद्ध आत्यांची नावे या जबाबदाऱ्यांखाली आहेत. म्हणून बांधकामाशी संबंधित प्रत्येक दायित्वाबद्दल विकसक मालकांना नुकसानीपासून मुक्त ठेवील, अशी स्वतंत्र हमी आम्ही नोंदणीपूर्वी लिहून घेतली.

महारेरा ज्याला प्रवर्तक मानते त्याच जमीनमालकाकडे न्यायालये दुसऱ्या बाजूनेही पाहतात, आणि ते मालकांच्या दृष्टीने आश्वासक आहे. फकीरचंद गुलाटी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००८ साली म्हटले की करारात संयुक्त उपक्रम असे लिहिलेले असले, तरी बांधकामावर मालकाचे नियंत्रण नसेल आणि धंद्याच्या नफ्यातोट्यात तो सहभागी नसेल, तर तो विकसकाचा ग्राहक ठरतो आणि ग्राहक मंचाकडे दाद मागू शकतो. विशाखापट्टणमच्या एका प्रकरणात २०१६ मध्ये हीच भूमिका पुन्हा मांडली गेली. तेथेही मालकाला सदनिकांमध्ये वाटा मिळायचा होता. आम्ही महसुलाऐवजी क्षेत्राचा वाटा घेतला, त्यामागे हेही एक कारण होते. विक्रीच्या रकमेतला वाटा घेणाऱ्याला दरवाढीचा लाभ लवकर मिळतो, हे खरे. परंतु तो विकसकाच्या विक्रीच्या हिशेबांवर अवलंबून राहतो, आणि ते हिशेब पाहण्याचा अनुभव फारसा सुखाचा नसतो.

बांधकामाविषयी माझी तक्रार थोडी आणि समाधान मोठे आहे. दोन्ही मनोरे ॲल्युमिनियमच्या मायवान शटरिंगने, म्हणजे काँक्रीट ओतण्याच्या साच्यांनी, बांधले असल्यामुळे भिंती एकसंध काँक्रीटच्या आहेत. कोपरे सरळ आहेत, आणि पहिल्या पावसाळ्यात खिडक्यांच्या भोवती कोठेही ओल आली नाही. आपत्कालीन आसऱ्याच्या जागा नकाशात होत्या तशाच मोकळ्या आहेत. त्या हळूहळू बंदिस्त होऊन कोणाच्या तरी घराला जोडल्या जाण्याचा प्रकार येथे झालेला नाही, आणि उंच इमारतीत त्यावर माणसांचे प्राण अवलंबून असतात. लिफ्ट पुरेशा आहेत व सामानाची स्वतंत्र आहे. साइटवरील अभियंत्यांनी आमच्या प्रत्येक भेटीत नोंदवही उघडून दाखवली, काँक्रीटच्या चाचणीचे अहवाल दिले, आणि एका मजल्यावरील स्लॅबचे काम आम्ही शंका घेतल्यावर स्वतंत्र सल्लागाराकडून तपासून घेतले. कार्यालयात जी पारदर्शकता मिळाली नाही ती साइटवर मिळाली.

आलिशान म्हणून जे विकले गेले त्यातील पोडियमवरचा जलतरण तलाव, क्लबहाऊस आणि दुप्पट उंचीचे प्रवेशद्वार देखणे आहे. पण बालेवाडीत घर घेणाऱ्याला आधी पाणी लागते. बाणेर-बालेवाडीतील अनेक सोसायट्या टँकरवर अवलंबून आहेत, आणि आमचीही आहे. पाण्याची तूट पडल्यास ती विकसक भरून काढील, असे हमीपत्र कंपनीने दिले होते. सोसायटी स्थापन झाल्यावर तो खर्च सदस्यांच्या देखभाल शुल्कात आला. माझ्या मते या मनोऱ्यांमधील एका सजावटीच्या कारंज्याऐवजी भूमिगत टाक्या मोठ्या केल्या असत्या, तर आलिशान हे विशेषण अधिक शोभले असते.

विलंबाबद्दल मी कठोर होणार नाही, कारण सुरुवातीचा काळ करोनाच्या टाळेबंदीत गेला आणि त्याबद्दल महारेराने सर्वच प्रकल्पांना मुदतवाढ दिली होती. त्यापुढचा विलंब मात्र कंपनीचा स्वतःचा होता. करारात दरमहा भरपाईचे कलम होते. ती भरपाई मागितल्यावर पत्रांची उत्तरे येणे थांबले. बांधकाम जोरात असताना दर पंधरवड्याला होणाऱ्या बैठका बंद झाल्या, ओळखीचे प्रतिनिधी दुसऱ्या प्रकल्पावर गेले, आणि नव्या माणसाला आमचा करारच ठाऊक नव्हता. लवादाची नोटीस दिल्यानंतर भरपाईचा मोठा भाग मिळाला, उरलेल्यावर वाद चालू आहे. संयुक्त व्यवहारात पैशांचा प्रश्न आला की एक बाजू गप्प बसते, हे मला त्या विलंबापेक्षा अधिक लागले.

गुणांकन करायचेच तर मालकी हक्काच्या तपासणीला आणि बांधकामाला पाचांपैकी साडेचार, करारातील न्याय्यपणाला दोन, आणि करारानंतरच्या संवादाला दीड असे गुण मी देईन. ज्यांच्याकडे स्वतंत्र वकील, स्वतंत्र कर सल्लागार आणि सह्या करण्यापूर्वी वर्षभर थांबण्याची ताकद आहे, त्यांनी या कंपनीशी करार करायला माझी हरकत नाही. विकसकाच्याच वकिलांवर विसंबून राहावे लागणार असेल, किंवा घरात पैशांची तातडीची गरज असेल, तर जमिनीचा काही भाग विकून गरज भागवावी आणि उरलेल्या जमिनीचा विचार सवडीने करावा.

आमचे एक काम अजून बाकी आहे. सोसायटीच्या नावाने जमिनीचे अभिहस्तांतरण, म्हणजे मालकीचे कायदेशीर हस्तांतरण, व्हायचे आहे. त्यासाठी मालक म्हणून आमच्या सर्वांच्या सह्या लागणार आहेत आणि त्या द्यायला आम्ही तयार आहोत. कंपनीने मसुदा पाठवला आहे. त्यात न वापरलेले चटईक्षेत्र आणि गच्चीवरील जाहिरात फलकाचे हक्क विकसकाकडे राहतील, असे एक कलम आहे. मूळ करारात तसे काही नव्हते. ते कलम काढून मसुदा पुन्हा पाठवावा, असे पत्र आम्ही दिले आहे, आणि सोसायटीच्या समितीलाही त्याची प्रत दिली आहे.